रकाना अकरा

महिन्याला वीस दिवस हजेरी हवी,
नाहीतर मदत बंद.
सूट आहे, सेतूतली समरीन म्हणाली,
घरात कुणी अंथरुणाला खिळलेलं असेल तर.
रकाना अकरा. पण डॉक्टरांचा दाखला लागेल,
रुग्णास एकटे सोडता येत नाही, असा.

तो आणायला मी ह्यांना एकटं सोडून
सिव्हिलला तीनदा गेले.
पहिल्यांदा डॉक्टर राऊंडला.
दुसऱ्यांदा शिक्का कपाटात,
आणि कपाटाची किल्ली बार्शीला, लग्नात.
तिसऱ्यांदा दाखला घेऊन आले तर
हे पलंगाखाली, लुंगी ओली,
मलाच समजावत होते:
पडलो नाही गं,
धोटा अडकला होता, तो बघत होतो.

बत्तीस वर्षं अक्कलकोट रोडला मागावर उभे होते.
चादरीवरचा मोर ह्यांच्या हातून इतक्यांदा उतरला
की घरात तसली एकही चादर नाही
हे आम्हा दोघांच्याही कधी ध्यानात आलं नाही.
आता डावा हात झोपलाय.
उजवा जागा आहे, रात्रभर
गोधडीच्या टाक्यांशी काहीतरी बोलत असतो.

मी विड्या वळते.
ह्यांना उठवणं, पुसणं, भरवणं, कूस बदलणं,
पाचव्या दिवशी पहाटे तीनला नळ येतो
तेव्हा घागरी, बादल्या, आणि कुकरसुद्धा भरून ठेवणं,
एवढ्यातून साडेतीनशे होतात.
साडेतीनशेला हजेरी लागत नाही. खाडा लागतो.
समरीनने विचारलं होतं, मावशी, दिवसाचे किती तास
काळजी घेण्यात जातात?
मी म्हटलं, तुझ्या फॉर्मात किती मावतात?

आणि त्या साडेतीनशेतल्या चाळीस ह्यांच्या.
दोऱ्याचं टोक दातात धरून
एका हाताने गाठ मारतात.
चाळीस विड्यांना अख्खी सकाळ.
कारखान्यात चेकर सुपात बोटं फिरवतो,
थांबतो,
ही कुणी बांधली अनसूयाबाई?
मीच. झोप आली होती.
तो अर्ध्या छाटात टाकतो, अर्ध्या जाऊ देतो.
घरी येऊन मी सांगते, सगळ्या पास.

अंगठ्याच्या वेळी म्हणाले, आधी वाच.
समरीनने वाचलं:
सत्तय्या राजय्या दासरी, पूर्णतः परावलंबी.
म्हणजे काय, ह्यांनी मला विचारलं.
तेलुगूत काय म्हणतात ते मला येत होतं.
मी शाईचा पॅड पुढे केला.

मंगळवारी पाहणी.
उन्हाने पत्रा तडतडत होता,
पंखा गरम हवाच इकडून तिकडे नेत होता.
बोळात स्कूटी थांबली तेव्हा
ह्यांच्या दातात दोरा होता.
मी काढून घेतला.
कसा काढला ते सांगत नाही.
लहान पोराच्या तोंडातून आपण काही काढतो
तसंही नव्हतं ते.
सूप पलंगाखाली सरकवलं, हात धुतले,
तंबाखूचा वास काही जात नव्हता.

देवकते मॅडम चांगल्या होत्या. पाणी प्यायल्या.
ह्यांच्याकडे वाकून मोठ्याने बोलल्या,
सगळे ह्यांच्याशी आता मोठ्यानेच बोलतात:
काका, घरात बसल्या बसल्या काही करता का?
मी उत्तर द्यायला तोंड उघडलं.
त्याआधी ह्यांनीच
उजवा हात गोधडीवर पालथा ठेवला,
अगदी सपाट, मोर उतरवल्यावर
कापडावरून फिरवायचे तसा,
आणि म्हणाले, काही नाही.

मॅडमनी बरोबरची खूण केली.
सहा महिन्यांची सूट. मग पुन्हा पाहणी.

स्कूटी वळणावरून गेल्याचं ऐकलं,
सूप बाहेर ओढलं,
दोरा पदराला पुसून ह्यांच्यापुढे धरला.
राहू दे, म्हणाले,
परत आल्या तर.

संध्याकाळपर्यंत मी एकटीच वळत बसले.
तीनशे दहा झाल्या.